पाहणं, हात लावणं, विचारणं

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या अगदी काठावरचं गाव. पुढं कर्नाटकातला कलबुर्गी जिल्हा लागतो. घरात कानडी, शाळेत आणि नगरपरिषदेत मराठी, बाजारात दोन्ही. सोलापूर-वाडी लोहमार्गावरचं स्टेशन आणि तुरीची बाजारपेठ, यांच्या आधारानं गाव वाढलं. याच बाजारात माझं औषधांचं दुकान होतं. आता मुलगा बसतो तिथं. माझ्या गल्ल्यासमोर सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला अवयव कोणता, असं कुणी विचारलं तर मी विचार न करता सांगेन: गुडघा.

त्याला कारण आहे. आमच्याकडची रब्बी ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटून काढतात. दिवसभर कंबरेत वाकून धाटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, आणि मग बायकांनी उकिडवं बसून कणसं खुडायची. तुरीचंही तेच. आडत दुकानात क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेणारे हमाल, आणि खाली बसून माल चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बाया. माझे वडील आडतीत तोलार होते. आई, जिला आम्ही अव्वा म्हणतो, सुगीत रानात आणि बाकीचे महिने तुरीच्या ढिगाशी. ऐंशी ओलांडलेल्या अव्वाचे गुडघे आज वाकडे झाले आहेत, आणि काही वर्षांपासून तिची स्मृतीही गेली आहे. गुडघ्याचं दुखणं मात्र राहिलं. दुखतंय हे तिला सांगता येत नाही, एवढाच फरक.

अशा माणसाच्या दुखण्याचं आपण आजवर काय केलं, हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. तो माझ्या धंद्याचा इतिहास आहे आणि माझ्या घराचाही.

औषधाचं दुकान येण्याआधी सांधेदुखीचा उपचार घरातच होत असे. सोलापूर जिल्ह्यात करडई मुबलक, त्यामुळं घाण्यावरचं करडईचं तेल घरोघरी. त्यात लसूण आणि ओवा कढवून ते रात्री गुडघ्यांना चोळत. निर्गुडीला आमच्या घरात लक्की म्हणतात. तिचा पाला हंड्यात उकळून, वर घोंगडी पांघरून वाफ देत. रुईच्या पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून ते गुडघ्यावर बांधत. खडेमिठाची पुरचुंडी आणि फडक्यात गुंडाळलेली तापलेली वीट तर कुठल्याही घरात निघे. एवढ्यानं भागलं नाही की बिब्बा. दाभणाला टोचून दिव्यावर धरला की त्यातून काळं तेल सुटतं. त्याचे ठिपके गुडघ्याभोवती देत. बिब्बा उतला की कातडीवर फोड येत, आणि त्या आगीत आतली कळ काही दिवस मागं पडे. त्याहून शेवटचा उपाय म्हणजे तापलेल्या सळईचा डाग. सुश्रुतसंहितेत अग्निकर्म म्हणून जे शास्त्रशुद्ध सांगितलं आहे, त्याचं हे गावठी रूप. अव्वाच्या डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बिब्ब्याचे चार काळे व्रण अजून आहेत.

ग्रंथांतही सांध्यांच्या दुखण्याचा विचार फार जुना आहे. चरकाने सांध्यात शिरलेल्या वाताचं वर्णन केलं. माधवनिदानात, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकात, आमवाताला स्वतंत्र अध्याय मिळाला. पण मला वाग्भटाचं एक सांगणं अधिक उपयोगी वाटतं. रोग्याची परीक्षा तीन प्रकारांनी करावी, असं त्याने अष्टांगहृदयात सांगितलं आहे: पाहून, हात लावून आणि विचारून. यात विचारणं तिसरं येतं. तेल चोळणारी सून किंवा नात यातल्या पहिल्या दोन गोष्टी रोज करत होती. गुडघा आज गरम लागतोय, काल सुजला नव्हता, पाय सरळ करताना म्हातारी हात धरते, हे तिला न विचारता कळत असे. त्या उपचारातल्या कितीतरी वस्तूंचा गुण शंकास्पद असेल, आणि बिब्बा तर घातकच. पण रोज एक हात त्या गुडघ्यावरून फिरत होता.

स्मृती गेलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ही नजर तेव्हाही चुकत होती. "साठी बुद्धी नाठी" म्हणून सगळं एकाच गाठोड्यात बांधलं जाई. अंघोळीला नेताना आजी ओरडते, सुनेला ओरबाडते, रात्रभर बडबडते, ताटाला लाथ मारते, याला म्हातारचळ म्हणत. त्याही पलीकडं गेलं तर बाधा. दुधनीहून गाणगापूर जवळ. भीमा-अमरजेच्या संगमावरचं ते दत्तस्थान मनाचा तोल गेलेल्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या शेवटचा आसरा राहिलं आहे. तिथं आपल्या म्हाताऱ्या आईबापांना घेऊन जाणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. त्यांनी माणसाला टाकून दिलं नव्हतं, खांद्यावर घेऊन नेलं होतं. फक्त ओरडण्याचं कारण डोक्यात किंवा भुतात शोधलं गेलं. ते गुडघ्यात असू शकतं, हे कुणाच्या मनात आलं नाही.

मग रेल्वे आली. १८६० मध्ये आगगाडी सोलापूरपर्यंत पोचली आणि १८७१ मध्ये रूळ आमच्या भागातून रायचूरला जाऊन मद्रासकडच्या रेल्वेला मिळाले. मुंबईचा माल या वाटेनं येऊ लागला. काशीनाधुनी नागेश्वर राव यांनी १८९३ मध्ये मुंबईत अमृतांजन सुरू केलं. पिवळ्या मलमाची ती बाटली पुढं देशभरातल्या घरांच्या कोनाड्यात जाऊन बसली. १८९९ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीनं ॲस्पिरिन बाजारात आणलं. त्यामागं विलोच्या सालीचा शेकडो वर्षांचा अनुभव होता. तापावर त्या सालीचा गुण येतो हे एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यानं १७६३ मध्ये रॉयल सोसायटीला कळवलं होतं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक गोळ्या आल्या. स्टुअर्ट ॲडम्स यांच्या संशोधनातून आलेलं आयबुप्रोफेन १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये विक्रीला आलं, आणि त्यानंतरच्या दशकात डायक्लोफेनॅक.

मी दुकान थाटलं तेव्हा डायक्लोफेनॅक हे आमच्या गिऱ्हाइकाच्या तोंडी बसलेलं नाव होतं. सुगीच्या दिवसांत लोक पट्टीच्या पट्टी मागत. त्याच औषधाची दुसरी बाजू गिधाडांनी दाखवून दिली. जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक त्यांच्या मढ्यांतून गिधाडांच्या पोटात गेलं, मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं संपत आली, आणि २००६ मध्ये भारत सरकारनं जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. माणसाच्या मूत्रपिंडालाही हे औषध सोसतंच असं नाही. विशेषतः ज्याचं वय झालं आहे, जो पाणी कमी पितो, ज्याला रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्याला. २००४ मध्ये रोफेकॉक्सिब हे गाजलेलं वेदनाशामक हृदयविकाराच्या धोक्यामुळं जगभरातून मागं घ्यावं लागलं. ॲनाल्जिनवर भारतात २०१३ मध्ये बंदी आली आणि पुढच्याच वर्षी अटींसह उठली. गोळीचा इतिहास हा असा गुणाचा आणि धोक्याचा जोडइतिहास आहे, आणि औषध विकणाऱ्यानं तो विसरता कामा नये.

पण गोळीनं आणखी एक गोष्ट बदलली. तेल चोळायला दुसरा माणूस लागत होता. गोळी ज्याची त्याला घेता येते. दुखतंय असं जो सांगेल त्याला ती मिळते. माझ्या दुकानात काय किंवा दवाखान्यात काय, उपचाराची सुरुवात एका प्रश्नानं होते: कुठं दुखतं? वाग्भटाच्या तिन्हींपैकी विचारणं पहिल्या जागेवर आलं आणि बाकीची दोन मागं पडली. बोलत्या माणसाचं त्यात फारसं बिघडलं नाही. ज्याची वाणी आणि स्मृती गेली, तो मात्र या साखळीतून अलगद बाहेर पडला.

महाराष्ट्राच्या खेड्यात सांधेदुखीची पहिली मोठी मोजदाद झाली तीही आमच्याच रेल्वेवाटेवर, पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणला. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथं घरोघर पाहणी सुरू केली. गावातले स्वयंसेवक तयार केले. ४,०९२ प्रौढांना विचारलं, तेव्हा सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे, स्नायू, हाडं यांचं दुखणं सांगितलं. संधिवात हा थंड देशातल्या किंवा शहरी लोकांचा आजार, हा समज या कामानं मोडला. खेड्यातल्या कष्टकऱ्याच्या दुखण्याला आकडा मिळाला. या कामाबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते. पण अशा पाहणीचा पायाही प्रश्नच असतो. उत्तर देणारा माणूस समोर असावा लागतो.

ज्यांना उत्तर देता येत नाही असे किती, हे आपल्या देशात फार उशिरा कळू लागलं. आलोइस अल्झायमर यांनी स्मृती गेलेल्या आपल्या रुग्ण बाईची हकीकत १९०६ मध्ये ट्यूबिंगेनला मांडली. भारतात अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ही संस्था उभी राहायला १९९२ साल उजाडलं. १९९८ मध्ये कोचीत १०/६६ नावाचा संशोधकांचा गट स्थापन झाला. डिमेन्शियाचे, म्हणजे स्मृतिभ्रंशाचे, ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि संशोधन मात्र १० टक्क्यांहून कमी, म्हणून ते नाव. अलीकडच्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या दर शंभरांत साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, एकूण सुमारे ८८ लाख लोकांना. बायकांत आणि खेड्यांत प्रमाण जास्त. गुडघेदुखीही बायकांत जास्त. म्हणजे ज्वारी खुडलेल्या, तूर निवडलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या वाट्याला ही दोन्ही दुखणी एकदम आली आहेत.

या माणसांना वेदना कमी जाणवते, असा समज डॉक्टरांतही बराच काळ होता. तो कसा महागात पडतो हे २००० साली न्यूयॉर्कच्या शॉन मॉरिसन आणि आल्बर्ट स्यू यांनी दाखवलं. खुब्याचं हाड मोडून दाखल झालेल्या म्हाताऱ्यांचा त्यांनी अभ्यास केला. सगळ्यांचं हाड तेच, शस्त्रक्रिया तीच. तरी डिमेन्शिया खूप वाढलेल्यांना मिळालेलं मॉर्फिन इतरांच्या मानानं एक तृतीयांशच भरलं. कारण त्यांनी मागितलं नव्हतं.

त्यानंतर विद्या पुन्हा पाहण्याकडं वळली. २००३ मध्ये अमेरिकेत व्हिक्टोरिया वॉर्डन, ॲन हर्ली आणि लाडिस्लाव व्होलिसर यांनी पेनॅड नावाची एक साधी मोजपट्टी तयार केली. पाच गोष्टी पाहायच्या. श्वास कसा चालला आहे. तोंडातून कण्हणं, कुरकुर, ओरडणं निघतं का. चेहरा कसा आहे. अंग आखडलंय का, मुठी आवळल्यात का, पाय पोटाशी घेतलाय का. आणि जवळ घेतल्यावर, बोलल्यावर माणूस शांत होतो का. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, एकूण दहा. यात रुग्णाला एकही प्रश्न नाही. २०११ मध्ये नॉर्वेतल्या बेटिना हुसेबो आणि सहकाऱ्यांनी १८ वृद्धाश्रमांतल्या ३५२ जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. हे सगळे डिमेन्शियाचे आणि अस्वस्थ, चिडखोर म्हणून ओळखले जाणारे. निम्म्यांना आठ आठवडे ठरलेल्या पायऱ्यांनी वेदनेचा उपचार दिला. बहुतेकांना लागलं ते साधं पॅरासिटामॉल, नियमित वेळेला. त्यांची अस्वस्थता सरासरी १७ टक्क्यांनी उतरली. आपण ज्याला म्हातारचळ म्हणत आलो, त्याचा काही भाग सरळ सरळ दुखणं होता. आणि २०२० मध्ये वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं वेदनेची व्याख्या सुधारताना स्पष्ट नोंदवलं की बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक आहे.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृती हरवलेला संस्कृत पंडित उभा केला आहे. त्याला सांभाळते ती माहुताची कानडी बायको, अमृता सुभाष यांनी केलेली चन्नम्मा. त्याची विद्वत्ता तिला ठाऊक नाही. ती त्याला भरवते, धरते, त्याच्याकडं बघते. आमच्या सीमेवरच्या माणसाला ती बाई फार ओळखीची वाटते.

आमच्या घरी हे काम माझ्या पत्नीनं हातात घेतलं आणि मला शिकवलं. अव्वाची सकाळ बघण्यासारखी असते. पलंगावरून पाय खाली सोडले की ती आधी दोन्ही हातांनी पलंगाची कड घट्ट पकडते. बोटांची पेरं पांढरी पडतात. उजव्या पायावर भार देताना वरचा ओठ आत ओढला जातो, भुवया मध्ये येतात आणि श्वास क्षणभर थांबतो. उभी राहिली की तोच श्वास फुंकर घातल्यासारखा बाहेर येतो. ज्या दिवशी दुखणं जास्त, त्या दिवशी ती कड सोडतच नाही आणि उठवणाऱ्याचा हात झटकते. पत्नी सासूला अत्ती म्हणते. ती सांगते, "अत्ती आज कड सोडंनात, आधी गोळी द्या, अंघोळ मागनं." मराठीत विचारलं तर अव्वा नुसती बघते. नंतर शिकलेली भाषा या आजारात बहुधा आधी विरत जाते. "मोळकाल ब्यानी?", म्हणजे गुडघा दुखतोय का, असं कानडीत विचारलं तर कधी कधी तिचा हात आपोआप गुडघ्यावर जातो. तेवढं उत्तर पुरेसं असतं.

भिंतीवरच्या कालनिर्णयच्या चौकटीत आम्ही रोज पेनॅडच्या गुणांचे दोन आकडे लिहितो, सकाळी उठतानाचा आणि संध्याकाळचा. सोलापूरच्या डॉक्टरांना दाखवायला जाताना ती पानं बरोबर नेतो. तोंडी सांगण्यापेक्षा त्या आकड्यांवरून डॉक्टरांना लवकर कळतं. औषध त्यांनी ठरवलेलं, ठरल्या वेळेला. दुखल्यावर मागेल तेव्हा देऊ, हा नियम मागू न शकणाऱ्या माणसाला लागू करणं म्हणजे औषध न देणंच. अंघोळीसारखं कष्टाचं काम गोळीनंतर तासाभरानं. गुडघ्यावर लावायचं जेल वेगळं, कारण ते पोटातल्या गोळीच्या मानानं रक्तात फार कमी उतरतं. पॅरासिटामॉललाही मर्यादा आहे आणि सर्दीच्या गोळीतही ते असतं, म्हणून घरात येणारी प्रत्येक पट्टी वाचून बघायची. ट्रामाडॉलसारख्या औषधानं म्हाताऱ्यांना गुंगी येते, गोंधळ वाढतो, तोल जातो, त्यामुळं ते आपल्या मनानं कधीच द्यायचं नाही. अस्वस्थ माणसाला गप्प करणाऱ्या औषधांबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्येच इशारा दिला की डिमेन्शियाच्या वृद्धांत त्यांनी मृत्यूचं प्रमाण वाढतं. तशी चिठ्ठी घेऊन कुणी दुकानात आलं की माझा मुलगा आधी विचारतो, दुखण्याचं काही चालू आहे का.

औषधाइतकंच काम वस्तूंनी केलं. पलंगाखाली लाकडी ठोकळे देऊन उंची वाढवली, शौचाला खुर्ची आणली, मोरीत धरायला दांडा बसवला. शेक अजूनही देतो. लक्कीचा पाला, करडईचं तेल, दोन्ही आहे. मात्र चटका बसतोय हे अव्वा सांगू शकणार नाही, म्हणून शेकाचं फडकं आधी आपल्या मनगटावर धरायचं. बिब्बा आणि डाग मात्र घरातून कायमचे गेले. बोलता न येणाऱ्या माणसाच्या अंगावर असले उपाय करणं क्रूर आहे, मग करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

आशाताई घरोघर येतात तेव्हा त्यांच्या आरोग्य तपासणीच्या अर्जात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न असतो: जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? सरकारी कागदावर हा प्रश्न आला, हे मोठं पाऊल आहे. उत्तर हो आलं, तर त्याच भेटीत त्या आजीला खुर्चीवरून उठवून, चार पावलं चालवून, चेहरा, श्वास, आवाज, अंग आणि समजूत या पाच गोष्टी बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आशाताईंच्या प्रशिक्षणात त्यासाठी अर्धा दिवस ठेवावा. आमच्यासारख्या औषध दुकानदारांनी "आई फार ओरडतात, झोपेची गोळी द्या" म्हणणाऱ्या मुलाला आधी एवढंच विचारावं, की उठताना त्यांचा चेहरा कसा होतो. आणि त्यानं ते पाहिलं नसेल, तर गोळी न देता त्याला पाहायला घरी पाठवावं.